पाय धरला तर

तात्यासाहेब प्लास्टिकची खुर्ची उचलून हॉलच्या दारात येऊन बसले, की सावनीचा आवाज आपोआप वर चढायचा. क्लासच्या मुलींना ते पाठ झालं होतं. खुर्ची दिसली की त्या एकमेकींकडे बघायच्या आणि हसू दाबायच्या.

पुंडलिकनगरातल्या त्या तीन मजली इमारतीचा तळमजल्याचा हॉल सावनीनं मुलींच्या कराटे क्लाससाठी भाड्यानं घेतला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. इमारत तात्यासाहेबांची. बीड बायपासच्या बाजूला त्यांचं रान होतं. शहर वाढत वाढत बांधाला येऊन टेकलं, रानाचे प्लॉट पडले, आणि तात्यासाहेब बायकोला घेऊन कॉलनीत राहायला आले. तरुणपणी त्यांनी कुस्तीचे फड गाजवले होते. शहरात त्यांना सगळं मिळालं, फक्त दिवसभर करायचं काय ते मिळालं नाही. मग संध्याकाळी ते सावनीच्या क्लासला येऊन बसू लागले.

"मॅडम, लाथ झ्याक हाय तुमची," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "पन कुनी पाय धरला तर?"

"धरायच्या आत पाय परत येतो, तात्या."

"आन् नाय आला तर?"

सावनी तेव्हा हसली होती. पण तात्यासाहेबांचा तो प्रश्न संपेना. मुलीनं पाय उचलला की दारातून आवाज यायचा, "धरला तर?" मुलगी ठोसा मारायला पुढं झाली की, "कमरंला मिठी मारली तर?" म्हाताऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच जास्त वैताग आणणारं होतं. भांडता येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. थोड्या दिवसांनी मुलीच विचारू लागल्या. मग एका मुलीची आई क्लास सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, खरंच, पाय धरला तर काय करायचं हे शिकवता का तुम्ही?"

"शिकवते ना," सावनी म्हणाली.

आणि घरी जाताना गाडीवर तिचं तिलाच कळलं की आपण खोटं बोललो. शिकवत होती ती, नाही असं नाही. पुस्तकातल्यासारखे दोन-तीन प्रकार होते. पण ते खऱ्या माणसावर, धरायला टपलेल्या माणसावर, तिनं कधी करून बघितले नव्हते. ती राज्य पातळीवर खेळलेली होती, पण स्पर्धेत दोघी एकमेकींना चिकटल्या की पंच हात मधे घालून वेगळं करायचे. चिकटल्यानंतर काय होतं, तिथपर्यंत तिची लढत कधी गेलीच नव्हती. हे तात्यासाहेबांना कळायचं कारण नव्हतं, पण त्यांचा प्रश्न नेमका तिथंच येऊन टोचायचा.

ते पावसानं दडी मारल्याचं सलग दुसरं साल होतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल सांगता येत नव्हतं. सगळी कॉलनी टँकरच्या भोंग्याकडं कान लावून बसलेली. इमारतीच्या मागं तात्यासाहेबांनी हौसेनं छोटा आखाडा केला होता, तांबडी माती आणून. ही माती ओली, मऊ ठेवावी लागते. पाणी, ताक, तेल घालून खालवर करावी लागते, नाहीतर ती फरशीसारखी कडक होते आणि पडणाऱ्याचं अंग सोलून काढते. त्या उन्हाळ्यात त्यांनी मातीवर अर्धी बादली शिंपडली, तर दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी गॅलरीत उभं राहून इतकं ऐकवलं, की तात्यासाहेबांनी आखाड्यावर ताडपत्री टाकून दिली.

नेमकी तेव्हाच त्यांची नात श्रेया अजिंठ्याहून राहायला आली. बावीस वर्षांची, बुटकी, मजबूत बांध्याची, कमी बोलणारी. गावाकडं त्यांची बोअर आटली होती आणि तिला जिल्ह्याच्या कुस्ती निवड चाचणीची तयारी करायची होती. माती बंद, मग सराव कुठं करायचा? तात्यासाहेबांनी सकाळी हॉल उघडून दिला. श्रेया आणि तिच्या कॉलेजातली एक मैत्रीण सावनीच्या मॅटवर धडाधडा एकमेकींना आपटू लागल्या.

सावनीला हे कोणी सांगितलंच नाही. एका संध्याकाळी ती आली, तर मॅट उलट्यासुलट्या लावलेल्या, त्यांना तेलाचा वास, आणि एक कोपऱ्यातून उसवलेली. ती तशीच जिना चढून वर तात्यासाहेबांच्या घरी गेली.

"हॉल माझाच हाय की, मॅडम," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले.

"हॉल तुमचा. मॅट माझ्या आहेत."

"पोरगी हाय घरची. कुठं जावं तिनं?"

तात्यासाहेबांच्या पत्नी आवडाबाईंनी चहा आणून ठेवला. श्रेया दाराशी उभी होती. "मॅडम, मी शिवून देते मॅट," ती म्हणाली. "चुकलं माझं. विचाराया पायजे होतं."

सावनी चहा पिऊन उठली. ती चपला घालत असताना तात्यासाहेब मागून म्हणाले, "त्यापेक्षा दोघी एकदा लढूनच बघा ना. रोजचा माझा प्रश्नबी मिटंल."

"मला नाही लढायचं," सावनी म्हणाली.

हे एवढंच बोलणं झालं होतं. पण दोन दिवसांत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते येऊन पडलं. कराटे भारी की कुस्ती? ज्यांनी आयुष्यात टेबलावरची फाइलसुद्धा जोरात आपटली नव्हती, असे लोक मतं देऊ लागले. कोणी पिंजऱ्यातल्या मारामारीचे परदेशी व्हिडिओ टाकले. किराणा दुकानदारानं सामान बांधता बांधता तिला सांगितलं की खरी ताकद कमरेत असते. सावनीला वाटलं, डाळीची पिशवी तिथंच ठेवून निघून जावं.

आणि घरी केयूर. तिचा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. दोन जिने चढला की त्याला दम लागायचा. पण सध्या तो रात्री जेवताना मोबाइल डाळीच्या वाटीला टेकवून मारामाऱ्या बघत होता.

"एक सांगू का," तो म्हणाला. "बहुतेक मारामाऱ्या शेवटी जमिनीवर जातात."

"कुणी मोजल्या?"

"म्हणजे, असं म्हणतात. पण दुसरी बाजू अशी आहे, की धरणारा जवळ यायच्या आत एक जरी ठोसा बरोबर बसला तर खेळ खलास. म्हणजे सगळं अंतरावर आहे. तू अंतर राखलंस तर तू जिंकशील."

"केयूर, तू कधी कुणाला मारलं आहेस?"

"विषय तो नाहीये."

"तुला कधी कुणी खाली पाडलंय?"

केयूरनं थोडा विचार केला. "शाळेत. पण तेव्हा मी घसरलो होतो."

सावनीनं ताटं उचलली. ओट्याशी उभी राहून ती मगभर पाण्यात भांडी विसळत राहिली आणि तिच्या मनात आलं, की या सगळ्यांची तोंडं बंद करायची तर एकदा लढून टाकलेलं बरं. हे तिनं स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. तिलाच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा श्रेया जिन्यात कळश्या घेऊन उभी होती. सावनी तिच्या शेजारी पायरीवर बसली. "लढायचं का एकदा?" तिनं विचारलं. "नियम आपण दोघी ठरवू. बाकी कुणी नाही."

श्रेयानं कळश्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "तुमी खरंच मारनार का?"

"अर्ध्या जोरानं. आम्ही सरावात तसंच मारतो."

"मंग मी बी अर्ध्या जोरानं धरू? तसं नाय धरता येत, मॅडम. धरलं म्हंजे धरलं."

मुद्दा बरोबर होता. तिची लाथ आवरती असणार आणि श्रेयाची मिठी पुरती, तर त्यातून काहीच कळणार नव्हतं. आणि पुऱ्या जोरानं तोंडावर मारायचं, तर या पोरीची निवड चाचणी तोंडावर आलेली. शेवटी त्यांनी ठरवलं, की अंगावर पुऱ्या जोरानं, तोंडावर अजिबात नाही. डोक्याला टोप, हातात मोजे. श्रेयानं मोजे घालायचे नाहीत, कारण मोज्यांनी धरता येत नाही. सावनीनं कराटेचं जाकीट घालायचं नाही, कारण त्याच्या बाह्या धरल्या तर ती फसवणूक होईल, हे श्रेयाचंच म्हणणं. दोघींचे नियम ठरेपर्यंत टँकरचं पाणी संपत आलं, आणि आवडाबाईंनी वरून दोघींना हाका मारल्या.

रविवारी सकाळी लढायचं ठरलं. फक्त क्लासच्या मुली आणि घरची माणसं, असं सावनीनं बजावून सांगितलं होतं. ती हॉलवर पोचली तर अर्धी कॉलनी चपला काढून आत बसलेली. तात्यासाहेबांनी डोक्याला फेटा बांधला होता. केयूर मोबाइल धरून कोपऱ्यात उभा होता. "फक्त आपल्यासाठी काढतोय," तो म्हणाला.

पहिल्या फेरीत श्रेया वाकून, दोन्ही हात पुढं सोडून, सरकत सरकत आली. कराटेत असं कोणी येत नाही. सावनीला क्षणभर कळेना, मारायचं कुठं. मग श्रेया एकदम आत घुसली, आणि सावनीच्या पायानं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, डोक्याला न विचारता आपलं काम केलं. सरळ लाथ, टाच पोटाच्या वर बरोबर मध्यावर. श्रेया जागच्या जागी खाली बसली. तिचं तोंड उघडं होतं आणि आत श्वास जात नव्हता. सावनी घाबरून तिच्यापाशी वाकली.

"बरी हाय," श्रेया कशीबशी म्हणाली. "थांबा वाईच."

"पाय घसरला पोरीचा," तात्यासाहेब म्हणाले.

"घसरला नाही, लागली," केयूर कोपऱ्यातून म्हणाला.

दुसऱ्या फेरीत श्रेया तशी आली नाही. ती लांबूनच हूल देत राहिली, घुसल्यासारखं करायची आणि मागं व्हायची. सावनीनं दोन लाथा हवेत घालवल्या. तिसरी लाथ श्रेयाच्या बरगडीवर बसली, चांगली बसली, पण या वेळी श्रेया लाथेच्या वेदनेसकट आत आली. तिनं पाय काखेत धरला, दुसऱ्या पायाला खालून मिठी मारली. कुस्तीत याला पट काढणं म्हणतात. सावनीला फक्त छताचा पंखा गरकन फिरल्यासारखा दिसला आणि पाठ मॅटवर आदळली.

पुढचं तिला नंतरही कोणाला नीट सांगता आलं नाही. श्रेयानं तिला काहीच केलं नाही. ती नुसती वर राहिली. सावनीनं ठोसे मारले, पण खाली पडल्यावर ठोशात जोर येतो तो कुठून? हात अर्ध्यात थांबत होते. ती डावीकडं वळली, वजन डावीकडं आलं. उजवीकडं वळली, उजवीकडं आलं. श्रेयाचा खांदा तिच्या हनुवटीखाली होता आणि श्वास घ्यायला छाती वर येत नव्हती. आपण इतकी वर्षं मुलींना "घाबरू नका" म्हणून सांगत आलो, ते काय म्हणून सांगत होतो, असं तिच्या मनात आलं. मग काहीच मनात आलं नाही, नुसती हवा पाहिजे होती. तिनं सोड म्हणून मॅटवर हात आपटला. श्रेया लगेच उठली.

"बघा," तात्यासाहेब लोकांना म्हणाले. "मी काय म्हनत होतो? धरला ना पाय?"

तिसरी फेरी व्हायलाच नको होती. दोघी थकल्या होत्या, आणि सावनीला राग आला होता. कुणाचा ते तिला कळत नव्हतं. श्रेया खाली घुसली तेव्हा सावनीनं गुडघा वर घेतला, छातीवर मारायला. श्रेयाचं डोकं ठरल्यापेक्षा खाली होतं. टोपाच्या खालून गुडघा सरळ नाकावर बसला. कट् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि तरीही श्रेयानं सोडलं नाही. नाकातून रक्त गळत असताना तिनं कंबर धरली, उचललं आणि सावनीला घेऊन खाली आली. मग दोघी शेजारी शेजारी पडून राहिल्या. मॅटवर लाल थेंब होते, सावनीच्या पांढऱ्या बनियनवर मोठा डाग होता.

"चीत झाली," तात्यासाहेब म्हणाले.

"तात्या, रस्त्यावर असतं तर नाकावर बसल्यावर संपलं होतं सगळं," केयूर म्हणाला.

"संपलं कुठं? उचलली ना तिनं?"

"टोप होता म्हणून."

"नियम मोडला तुमच्या बाईनं. तोंडावर मारायचं नव्हतं."

मग किराणा दुकानदार बोलला. मग दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू. रस्त्यावर असतं तर, चाकू असता तर, दोघं असते तर, जमीन दगडाची असती तर. खाली पडलेल्या दोन बायकांच्या डोक्यावरून हे सगळं जात येत होतं. आवडाबाई तेवढ्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या, मॅटवर बसल्या आणि पदर भिजवून नातीचं नाक पुसू लागल्या.

सावनी उठली. ती ओरडली नाही. तिनं सगळ्यात आधी केयूरच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि त्याला दाराकडं वळवलं. मग दुकानदाराला. मग बाकीच्यांना, एकेकाचा दंड धरून. तात्यासाहेबांजवळ आली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हॉल माझा हाय."

"हो," सावनी म्हणाली, "खुर्ची बाहेर लावून देते." आणि ते बाहेर पडल्यावर तिनं शटर ओढून घेतलं.

नाकाचं हाड मोडलं होतं. सावनी स्वतः श्रेयाला गाडीवर दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दोघींना विचारलं की हे कोणी केलं. सावनी म्हणाली, मी. डॉक्टरांनी तिच्याकडं, तिच्या बनियनकडं आणि श्रेयाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. परत येताना श्रेया मागं बसून एवढंच बोलली, "पयली लाथ लई लागली व्हती, मॅडम. मला वाटलं, गावाला निघून जावं." सावनीला तिला खूप काही सांगायचं होतं, माफीही मागायची होती, पण ती गाडी चालवत राहिली.

त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. भांडण नव्हतं. श्रेयाची चाचणी हुकली. तिच्या आईनं अजिंठ्याहून फोन करून आवडाबाईंना बोल लावले, की लग्नाच्या पोरीचं नाक वाकडं करून ठेवलं. कोणी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला, एकीकडं "कराटे हरलं" म्हणून, दुसरीकडं "कुस्ती हरली" म्हणून. सावनीच्या कराटे संघटनेतल्या वरिष्ठांनी तिला फोनवर अर्धा तास झापलं. चार मुलींच्या आयांनी क्लास बंद केला, कारण त्यांनी रक्त बघितलं होतं. आणि तात्यासाहेबांची खुर्ची दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. ते आता प्रश्न विचारत नव्हते. नुसते मान डोलवत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी टँकर आला. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. आवडाबाई आपला पाइप टँकरला लावून उभ्या होत्या. मागच्या गल्लीतला बद्रीनाथ नावाचा माणूस आला, त्यानं त्यांचा पाइप उपसून आपला लावला. आवडाबाईंनी त्याचा हात धरला. त्यानं झटकला, आणि म्हातारी बाई कडेच्या ड्रमवर पडली.

सावनी क्लासची सतरंजी झटकायला बाहेर आली होती. तिनं हे पाहिलं आणि ती निघाली, पण श्रेया तिच्या आधी पोचली. नाकावर अजून पट्टी होती. तिनं बद्रीनाथला कमरेत धरलं आणि खाली घेतलं, इतक्या सहज, की जणू गोणी उतरवली. टँकरच्या गळतीनं झालेल्या चिखलात तो पालथा पडला, ती त्याच्या पाठीवर. "सोडत नाय," ती म्हणाली. "आज्जीची माफी माग."

आणि तेवढ्यात बद्रीनाथचे दोघं भाऊ धावत आले.

सावनीला आत्ता पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. श्रेयाचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि तिची पाठ उघडी होती. एक भाऊ रिकामी बादली उगारून तिच्याकडं निघाला. सावनी मधे गेली. तिनं त्याच्या मांडीवर बाहेरून लाथ मारली, बेतानं नाही, पुऱ्या जोरानं, आणि तो बादलीसकट बसला. दुसऱ्याला मारायला ती वळली, तर पायाखाली चिखल. ती आडवी झाली. दुसरा भाऊ तिच्यावर वाकला, तिच्या दंडाला धरलं, आणि सावनीला पुन्हा तेच, वर माणूस, खाली आपण, आणि काय करायचं ते माहीत नाही. तिनं त्याच्या कानावर एक बुक्की मारली. लागली की नाही कळलं नाही.

तिथं पुढं काय झालं असतं, कोण जाणे. पण या झटापटीत टँकरचा पाइप निसटला आणि पाण्याची जाड धार रस्त्यावर पडू लागली. "पानी!" कोणीतरी ओरडलं. दुसऱ्या भावानं सावनीला सोडलं आणि तो पाइपाकडं धावला. बद्रीनाथ चिखलातून ओरडू लागला, "अरे पकडो, पाइप पकडो." श्रेया त्याच्या पाठीवरून उठली आणि तिनंही पाइप धरला. बसलेला भाऊ लंगडत बादली घेऊन आला आणि त्यानं ती धारेखाली ठेवली. थोड्या वेळानं बद्रीनाथनं, मान खाली घालून, आवडाबाईंचा ड्रम आधी भरून दिला. माफी मागितली नाही, पण भावाला हाताशी घेऊन ड्रम वर नेला.

सावनी आणि श्रेया चिखलानं माखून पायरीवर बसल्या. आंघोळीला पाणी परवडणार नव्हतं. चिखल वाळेपर्यंत बसून तो खरवडून काढायचा, एवढंच हातात होतं.

तात्यासाहेब वरून खाली आले. त्यांनी गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. "धरल्यावर कसा गप पडला," ते म्हणाले. "पयलेच सांगितलं व्हतं मी."

"आबा, मागनं बादली बसली असती माज्या डोक्यात," श्रेया म्हणाली. "मॅडम व्हत्या म्हनून वाचले."

"ते खरं हाय. पन मॅडमबी पडल्याच की."

सावनीनं डोळे मिटले. संध्याकाळी केयूर कामावरून आला, त्यानं सगळं ऐकलं, तिच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला, आधी बर्फ लावून दिला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग बर्फ धरून बसल्या बसल्या तो म्हणाला, "म्हणजे बघ, एकावर एक असेल तर कुस्ती, आणि जास्त असतील तर..."

"केयूर, पाया पडते तुझ्या," सावनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हॉलवर गेली. श्रेया मॅटवर एकटीच जोर मारत होती. उसवलेला कोपरा तिनं जाड दोऱ्यानं शिवून ठेवलेला होता.

"तुझी चाचणी माझ्यामुळं हुकली," सावनी दारातच म्हणाली. "मी बोलायला पाहिजे होतं आधीच. मला जमलं नाही."

श्रेयानं जोर मारायचे थांबवले. "पुढल्या साली हाय की पुन्हा." मग तिनं विचारलं, "काल त्यो वर आला तवा तुमाला काय झालं व्हतं? डोळे कसेच झाले व्हते."

"मला खाली पडल्यावर काही सुचत नाही," सावनी म्हणाली. हे तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "शिकवशील?"

"झोपा."

सावनी पाठीवर झोपली. श्रेया तिच्या पोटावर येऊन बसली आणि वजन खाली सोडलं. तिनं सांगितलं, हातानं ढकलायचं नाही, हात गेले की गेले. टाचा जवळ घ्यायच्या, कंबर उचलायची, एका खांद्यावर वळायचं. सांगून झाल्यावर ती तशीच बसून राहिली, आणि गावाकडच्या गोष्टी बोलू लागली. तिकडं टँकर दोन गावांत मिळून एक येतो, शाळेतल्या पोरी विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतात. सावनीनं कंबर उचलली, काही झालं नाही. पुन्हा उचलली. मानेत कळ आली. श्रेयाच्या गोष्टी चालूच होत्या. बाहेर जिन्यात तात्यासाहेबांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि आता ते खुर्ची घेऊन येणार, बघणार आणि काहीतरी बोलणार, या नुसत्या कल्पनेनं सावनीचं डोकं तापलं.

"ऊठ ना आता," ती वैतागून म्हणाली.

"मी नाय उठनार, ताई," श्रेया म्हणाली. "तुमीच उठा."

सावनीनं टाचा आणखी जवळ ओढल्या.